वाचकांचे प्रश्न : तिने शहर जाळले, तरी ती आवडते

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. शाळेत असल्यापासून ती ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम खेळते. तिच्या खोलीत सिल्व्हानस नावाच्या एका राणीचे मोठे चित्र लावलेले आहे. या राणीने एक अख्खे शहर माणसांसकट जाळले, असे मला मुलीनेच सांगितले. पण सांगताना तिच्या आवाजात तिरस्कार नव्हता, उलट एक प्रकारचा जिव्हाळा होता. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या संस्कारांत काही कमी राहिले का, असे वाटून मी बेचैन होते. अशा पात्राचे कौतुक का वाटावे?
– एक आई, नाशिक

उत्तर : शहर जाळल्याची गोष्ट मुलीनेच आपल्याला सांगितली, हे आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. तिने ती लपवली नाही, सौम्य केली नाही आणि ‘त्यात काय एवढे’ असेही म्हटले नाही. ज्या कृत्याने आपण अस्वस्थ झालात त्याचे वजन तिला पुरते ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनही राणी तिला आवडते. संस्कार कमी पडले असते तर ती गोष्ट तिला सांगण्यासारखी वाटलीच नसती.

सिल्व्हानस विंडरनरची कथा त्या आगीपासून सुरू होत नाही. २००२ साली ब्लिझर्ड या कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ हा गेम आला, त्यात ती सिल्व्हरमून या एल्फ लोकांच्या नगरीची सेनापती आहे. आर्थस हा भ्रष्ट झालेला राजपुत्र मृतांचे सैन्य घेऊन चालून येतो आणि ती हरते. निदान वीराचे मरण तरी मिळावे एवढीच तिची मागणी असते. पण तिने केलेल्या कडव्या प्रतिकाराचा सूड म्हणून तो तिचा आत्मा देहातून ओढून काढतो, तिला पिशाच बनवतो आणि तिच्याच लोकांवर सोडतो. पुढच्या वर्षीच्या पुरवणी भागात ती त्या बंधनातून सुटते आणि आपल्यासारख्याच सुटलेल्या मृतांना एकत्र करून ‘फोर्सेकन’, म्हणजे टाकून दिलेले, या नावाने त्यांचे राज्य उभारते. त्यानंतर २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरू झाला. त्यात ज्या खेळाडूने फोर्सेकन पात्र निवडले, त्याचा खेळ थडग्यातून बाहेर येण्यापासून सुरू होत असे. घरच्यांच्या लेखी तो मेलेला आणि जगाच्या लेखी किळसवाणा. त्याला आपला म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ही राणी.

कादंबरीचा वाचक पात्राकडे बाहेरून पाहतो. येथे मात्र खेळाडू वर्षानुवर्षे तिच्या प्रजेचा माणूस म्हणून वावरलेला असतो, तिच्या दरबारात उभा राहिलेला असतो, तिने सांगितलेली कामे करून दमलेला असतो. २००४ साली पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलाने शहर जळताना पाहिले तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. एवढ्या काळात जडलेला जीव एका दिवसात सुटत नाही. माणसांच्या बाबतीतही तो सुटत नाही, हे आपण जाणतोच.

एक प्रसंग थोडा जवळून सांगते, कारण अनेक जुन्या खेळाडूंच्या मनात सिल्व्हानसचे घर त्या प्रसंगाने केले आहे. २००७ च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या भागात तिच्या उद्ध्वस्त माहेरच्या परिसरात खेळाडूला एक गळ्यातले सापडते. थोरली बहीण अलेरिया हिने ते तिला प्रेमाने दिलेले असते, तसे त्यावर कोरलेलेही असते. खेळाडू ते घेऊन तिच्यापर्यंत जातो. तिला क्षणभर विश्वास बसत नाही. मग ती एकदम कठोर होते, याला आता काही अर्थ नाही, अलेरिया ही केव्हाच मेलेली आठवण आहे, असे म्हणून खेळाडूला समोरून निघून जायला सांगते. जो लगेच पाठ फिरवतो त्याच्यासाठी गोष्ट तेवढीच असते. जो रेंगाळतो त्याला दिसते, की दरबारात एल्फ स्त्रियांच्या छाया उभ्या राहतात आणि ही राणी आपल्या जुन्या भाषेत आपल्या लोकांचा विलाप गाऊ लागते. त्या भाषेतला एक शब्दही खेळाडूला कळत नाही, तरीही तो कामधाम सोडून ते गाणे संपेपर्यंत तिथेच उभा राहतो. दगड झालेल्या बाईच्या आत काय उरले आहे ते तिने आपल्याला दाखवलेले नाही, आपण थांबलो म्हणून आपल्याला दिसले, ही भावना फार खोल जाते.

आता त्या आगीविषयी. २०१८ च्या उन्हाळ्यात कथानकाने तिला टेल्ड्रासिल या महावृक्षापाशी आणले. नाइट एल्फ लोकांची नगरी त्या वृक्षाच्या माथ्यावर वसलेली होती. वृक्ष जिंकायचा असे ठरलेले असताना एक मरणारी सैनिक तिला म्हणते की आशा मारता येत नाही. आणि सिल्व्हानस वृक्ष पेटवण्याची आज्ञा देते. विरुद्ध पक्षाच्या खेळाडूंना त्याच वेळी जळत्या नगरीत पाठवले गेले. हाताशी मोजकी मिनिटे आणि वाचवायचे शेकडो नागरिक. कितीही धावपळ केली तरी सगळे वाचत नाहीत, अशीच ती कामगिरी रचलेली होती. आणि सिल्व्हानसच्या बाजूचे खेळाडू त्या मोहिमेत तिच्यासाठी लढून झालेले होते, त्यामुळे त्यांना ‘हे आमच्या माघारी घडले’ असे म्हणायची सोय राहिली नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण त्या दिवशी तिच्यावर संतापले. काही तिच्यापासून कायमचे दुरावले. उरलेल्यांनी तिला सोडले नाही, पण त्यांचे कौतुक त्यानंतर पूर्वीसारखे साधे राहिले नाही.

माझे म्हणणे असे आहे की खेळाडू तिच्या पापाचे कौतुक करत नाहीत. जिच्याकडून सगळे हिरावून घेतले गेले ती बाई पुन्हा स्वतः निर्णय घेते आणि त्या निर्णयाचा दोष स्वतःच्या माथ्यावर घेऊन उभी राहते, याचे ते कौतुक आहे. याला पुरावा पुढच्याच भागात मिळतो. २०२० साली आलेल्या ‘शॅडोलँड्स’ मध्ये आणि त्याच्या पुढच्या टप्प्यांत लेखकांनी तिला सावरण्याचा प्रयत्न केला. आर्थसच्या तलवारीने तिच्या आत्म्याचे दोन भाग झाले होते, चांगला भाग दुसरीकडेच अडकून पडला होता, आणि तो परत मिळताच तिला पश्चात्ताप झाला, अशी मांडणी झाली. तिच्या चाहत्यांना सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटायला हवा होता, कारण त्यांच्या लाडक्या राणीला निमित्त मिळाले होते. प्रत्यक्षात त्यांच्यातले अनेक जण हिरमुसले आणि काही जण अतिशय चिडले. इतकी वर्षे जे केले ते तिने केलेच नव्हते, तिच्या अर्ध्या आत्म्याने केले होते, असे ठरवल्याने तिचा गुन्हा थोडासा कमी झाला असेल, पण ती स्वतः मात्र जवळजवळ नाहीशी झाली. मला त्यांचा संताप योग्य वाटतो. त्याच कथेचा शेवट मात्र बरा आहे. ज्यांचे शहर जळाले त्या लोकांची नेती टिरांडे हिच्या हाती तिचा न्याय सोपवला जातो. आणि मॉ नावाच्या नरकात जाऊन तिथे अडकलेला एकेक आत्मा बाहेर काढण्याची शिक्षा टिरांडे तिला देते. ती शिक्षा ती स्वीकारते आणि निघते.

आता मी आपल्याला एक उलटा प्रश्न विचारते. आर्थसचे चाहतेही अगणित आहेत. ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये स्ट्रॅथोम नावाच्या शहरात विषारी धान्य पोचलेले असते. नागरिक आज ना उद्या प्रेतसैन्यात सामील होणार म्हणून आर्थस त्यांची कत्तल करतो, आणि ती कत्तल खेळाडूच्या हातून, शंभराच्या आकड्यापर्यंत मोजून करवली जाते. तो प्रसंग खेळलेले लोक आजही त्याच्याविषयी हळहळतात, ‘चांगला राजपुत्र वाया गेला’ असे म्हणतात. ते योग्यच आहे. पण आर्थसचे चित्र भिंतीवर असते, तर आपण मला पत्र लिहिले असते का? आपल्या घरांतही हाच पंक्तिप्रपंच दिसतो. कर्णावर जीव टाकणारे मराठी वाचक द्यूतसभेत द्रौपदीला वाटेल ते बोलणारा कर्ण विसरलेले नसतात. त्याच्या जन्मापासूनच्या जखमा ठाऊक असल्याने ते त्याला पदरात घेतात. कैकेयीसाठी असा पदर कोणी फारसा पुढे केलेला नाही. पुरुषाचा अपराध ही त्याची शोकांतिका होते आणि स्त्रीचा अपराध हा तिचा स्वभाव ठरतो. ज्या मुली आज सिल्व्हानसचे चित्र लावतात त्यांच्यातल्या पुष्कळ जणी, बोलून दाखवोत वा न दाखवोत, हा फरक नाकारत असतात.

आपण मुलीजवळ बसून तिला ते गळ्यातल्याचे दृश्य दाखवायला सांगा. त्या आगीच्या दिवशी ती कोणत्या बाजूने खेळत होती आणि तिला काय वाटले होते, हेही विचारा. ती बहुधा बराच वेळ बोलेल.

प्रश्न : गेममधली ही ‘गूढ, क्रूर पण आकर्षक’ स्त्रीपात्रे बहुतेक वेळा पुरुष चित्रकार पुरुष ग्राहकांसाठी घडवतात. मग या कौतुकाला नैतिक गुंतागुंतीचे मोठे नाव कशाला द्यायचे? ते केवळ रूपाचे आकर्षण नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काही अंशी आहे, आणि ते नाकारणे खोटेपणाचे होईल. चिलखत घालून रणांगणावर उतरलेल्या स्त्रीचे पोट उघडे ठेवण्यामागे युद्धशास्त्राचे कारण नसते. पण रूप एवढेच कारण असते तर गोड, निष्पाप आणि तितक्याच सुंदर पात्रांवरही लोक वर्षानुवर्षे वाद घालत बसले असते. तसे होत नाही.

‘एल्डन रिंग’ हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातली रॅनी ही चेटकीण खेळाडूंच्या अतिशय लाडकी आहे. तिचा खरा देह एका उंच मनोऱ्यावर जळून पडलेला आहे. आपल्याला भेटते ती एक बाहुली : चार हात, निळसर थंड कातडी, डोक्यावर भली मोठी टोपी आणि चेहऱ्यावर तरंगणारा दुसरा, भुताचा चेहरा. या रूपाला आपण म्हणता तसले आकर्षण म्हणता येईल असे मला वाटत नाही. तिचा अपराधही लहान नाही. मृत्यूच्या दैवी चिन्हाचा तुकडा तिने चोरला, त्यापासून खंजीर घडवले गेले आणि राजपुत्र गॉडविनचा खून झाला. त्यात त्याचा आत्मा मेला पण देह मेला नाही, त्यामुळे त्या प्रेतातून पसरणारी विकृती साऱ्या राज्याला ग्रासून राहिली आणि पाठोपाठ राज्याचे तुकडे पाडणारे युद्ध पेटले. तिने हे केले ते देवशक्तीने तिच्यावर लादलेल्या भवितव्यातून सुटण्यासाठी. खेळाडूने पुरेसा शोध घेऊन तिला विचारले, तर ती सरळ सांगते की हे मीच केले. ती रडत नाही, कारणे पुढे करत नाही आणि आपल्याकडे क्षमाही मागत नाही. तिची निष्ठेने पाठराखण करणारा ब्लाइड हा अर्धा लांडगा शेवटी वेडा होतो आणि बहुधा आपल्यालाच त्याला मारावे लागते, तेव्हा तिच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली, हे आपल्या हातांना कळलेले असते.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे एक उदाहरणही आहे, तेही सांगायला हवे. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात मिंथारा नावाची एक सरदारीण आहे. एका वनराईत आसरा घेतलेल्या निर्वासितांवर ती हल्ला करते, आणि तिला सोबती म्हणून मिळवायचे तर मुळात त्या हत्याकांडात तिची साथ द्यावी लागे. तसे केल्यास विल आणि कार्लाक हे दोन भले सोबती आपल्याला सोडून जातात. पुष्कळ खेळाडूंना मिंथारा हवी होती, पण निर्वासितांचे रक्त नको होते. त्यांनी खटपट करून, तिला ठार न मारता फक्त बेशुद्ध करण्याची एक पळवाट शोधली, आणि नंतर निर्मात्यांनी तीच वाट अधिकृत केली. म्हणजे काही चाहत्यांना पात्राचा कणखरपणा हवा असतो, त्याचा हिशेब मात्र स्वतःच्या नावावर नको असतो. ही त्यांची पळवाट आहे हे खरे. पण ज्याला रूपच हवे असते तो निर्वासितांची एवढी काळजी करत बसत नाही.

प्रश्न : ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’ खेळताना मी एडेलगार्डच्या बाजूने उभा राहिलो. माझा मित्र म्हणतो की मी एका हुकूमशहाची आणि आक्रमकाची बाजू घेतली. मला तिचा अजूनही अभिमान वाटतो आणि थोडी टोचणीही लागते. दोन्ही एकत्र वाटणे हे गोंधळलेल्या मनाचे लक्षण आहे का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जुलै २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर आलेल्या या गेममध्ये आपण एका मठाच्या सैनिकी विद्यालयात शिक्षक असतो. एडेलगार्ड ही आपली विद्यार्थिनी आणि साम्राज्याची वारस. फोड्लान या तिच्या जगात माणसाचे मोल त्याच्या रक्तातल्या ‘क्रेस्ट’ नावाच्या वारशावर ठरते. तो नाही म्हणून मिक्लान या थोरल्या मुलाला घराबाहेर काढले जाते आणि तो दरोडेखोर होतो. ही व्यवस्था चर्चच्या आशीर्वादाने चालते, आणि ती मोडण्यासाठी एडेलगार्ड साऱ्या खंडावर युद्ध लादते.

आपण ज्या क्षणाविषयी लिहिले आहे तो मला चांगला आठवतो. पवित्र समाधीगृहात तिचा मुखवटा उतरलेला असतो, धर्मप्रमुख रिया तिला ठार करण्याची आज्ञा देते आणि पडद्यावर दोन पर्याय येतात : तिला मारायचे की तिला पाठीशी घालून उभे राहायचे. मी बटणावर अंगठा ठेवून बराच वेळ बसले होते. तिच्या युद्धाचा कार्यक्रम मला पटलेला नव्हता. मला आठवत होते ते एका रात्रीचे बोलणे. दुःस्वप्नाने जागी झालेली ती आपल्या भावंडांविषयी सांगते. रक्तात दुसरा क्रेस्ट उतरवण्याचे प्रयोग त्या मुलांवर झाले. एक भाऊ लुळा पडला, एक बहीण मदतीसाठी हाका मारत राहिली, धाकटी असंबद्ध बडबडू लागली. अकरा मुलांतली एकटी ती जगली आणि तिचे केस पांढरे झाले. हे ऐकलेला शिक्षक तिच्यावर तलवार उगारू शकेल का, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि मी तिला पाठीशी घालून उभी राहिले.

आपल्या मित्राचे म्हणणेही खोटे नाही. ज्यांनी तिच्या भावंडांचा जीव घेतला त्याच गुप्त टोळीशी ती हातमिळवणी करते. त्या टोळीने एरियनरॉडचा किल्ला आकाशातून अस्त्रे टाकून उद्ध्वस्त केल्यावर ती आपल्याच सैन्याला सांगते की हे चर्चने केले. खरे काय ते ठाऊक असणाऱ्या मोजक्या माणसांत आपण असतो, आणि आपण गप्प राहतो. मला वाटते आपली टोचणी तिथली आहे. तिने आपल्याला फसवले असते तर तिच्यावर रागावणे सोपे गेले असते. तिने तसे केले नाही, आपल्याला विश्वासात घेतले, आणि त्या विश्वासापोटी आपण तिच्या खोट्याचे भागीदार झालो. अभिमान आणि टोचणी या दोन्हींचे मूळ त्या एकाच नात्यात आहे, म्हणून त्यांतली एक उपटून टाकता येत नाही. रियाकडे पाहिले तरी हेच दिसते. ती शेकडो वर्षे आपल्या आईचा शोक उरात घेऊन जगली आहे, आणि आपल्याच वाटेच्या अखेरीस ती नागरिकांनी भरलेली फर्डियाड ही राजधानी पेटवते. तिच्यावर जीव असलेले खेळाडूही आहेत, आणि त्यांचे ऐकले की तेही एडेलगार्डच्या चाहत्यांइतकेच कासावीस असतात.

एक सुचवते. आपली वाट अठरा प्रकरणांची होती. आता त्याच विद्यालयातल्या क्लॉड या विद्यार्थ्याच्या गटाची बावीस प्रकरणांची वाट घ्या. तिथे एडेलगार्ड आपली विद्यार्थिनी नसते, तिची ती रात्रीची कथा आपल्या कानांवर येत नाही, ती फक्त शत्रू असते. शेवटी एनबारच्या राजवाड्यात ती हरते आणि गुडघ्यांवर येते. मी जिवंत असेपर्यंत हे युद्ध थांबणार नाही, तेव्हा वार कर, असे ती शिक्षकालाच सांगते. त्या वाटेवरच्या शिक्षकाला तिच्याविषयी फारसे काही ठाऊक नसते, पण आपल्याला सगळे ठाऊक असेल. तलवार वर उचललेली असते, तेव्हा ती एवढेच म्हणते की मला तुझ्याबरोबर चालायचे होते.